गोडं. जा.

टॉवेल वाळला होता.

जासिबने तो आत्ताच पिळून गॅरेजच्या दाराच्या खिळ्याला टांगला होता. वळून एका गाडीचं बॉनेट लावलं, हात पुसायला टॉवेल ओढला, तर तो पापडासारखा कडक.

"शमाल सुटलाय रात्रीपासून, अबू हौरा," शेजारच्या दुकानात गाड्यांच्या सीटा शिवणारा खलफ म्हणाला. "आज थुंकलास तर जमिनीपर्यंत पोचायचं नाही."

जासिब हसायला गेला आणि हसू मध्येच थांबलं.

शमाल म्हणजे कोरडा वारा. हवेत पाणी नाही. हवेतच नाही, तर एसीतून गळणार कुठून?

आणि सकाळी त्याच्या लेकीच्या, हौराच्या गाडीखाली परातभर डबकं होतं.

*

सकाळ.

जावई मुहन्नद गाडी चालू ठेवून खाली उतरला. हौरा पुढच्या सीटवर, आठवा महिना, मांडीवर खजुरांचा डबा. तिच्या सासरी, समाव्यापर्यंत पावणेतीनशे किलोमीटर वाळवंट. मुहन्नदने गाडीखाली बोट दाखवलं आणि विचारलं, "काका, हे पाणी कसलं?"

जासिबने एकोणतीस वर्षं हा प्रश्न ऐकला होता. आखाताकडून दमट शर्जी वाहायला लागला की बसऱ्यातल्या सगळ्या गाड्या तान्ह्या पोरांसारख्या खाली ओल्या होतात. लोक घाबरून धावत येतात. जासिब वाकतो, डबक्यात बोट बुडवतो, जिभेला लावतो. बसऱ्याच्या नळाचं पाणी खारट, आणि अर्धं गाव रेडिएटरमध्ये तेच ओततं. एसीचं पाणी हवेतून आलेलं, म्हणून गोडं. खारट लागलं तर गाडी आत घ्यायची. गोडं लागलं तर दोन शब्द: गोडं, जा. त्या दोन शब्दांवर लोक कुवेतच्या सीमेपर्यंत निर्धास्त जात.

"गोडं," जासिब मुहन्नदला म्हणाला. "जा."

वाकला नाही. गुडघा दुखत होता.

*

दुकानापुढच्या सिमेंटवर डबकं आता नव्हतं. त्याच्या जागी पांढरी कड उरली होती, बशीएवढी, खडूने काढल्यासारखी.

जासिब खाली बसला. बोट ओलं करून कडेवर टेकवलं, चाखलं. खारट. पण या गावाची धूळसुद्धा खारटच. हातभर लांबची धूळ चाखली. नुसती माती. पुन्हा कड.

मीठ.

"काय रे, चुना चाटतोस का?" खलफ म्हणाला. मग त्याने जासिबचा चेहरा पाहिला आणि शिवणयंत्र बंद केलं.

डबकं बरोबर एसीची नळी सुटते तिथेच होतं. तिथे एसीशिवाय दुसरं काय असतं? जासिब उकिडवा बसून राहिला आणि त्याला आठवलं. हीटर. इंजिनातलं गरम पाणी त्याच बाजूने आत जातं. पण बसऱ्यात हीटर कोणाच्या लक्षात असतो? त्या नळ्या वर्षानुवर्षं तशाच कुजतात. आणि रेडिएटर रिकामा झाला की काट्यालाही कळत नाही. काटा पाण्याची उष्णता सांगतो. पाणीच नसलं तर तो गप्प बसतो.

त्याने फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. त्या रस्त्यावर मधले कितीतरी किलोमीटर फोन मुकाच असतो, हे त्याला माहीत होतं. तरी सात वेळा लावला.

खलफने न विचारता विकतच्या गोड्या पाण्याचे दोन कॅन त्याच्या पिकअपमध्ये टाकले.

*

सकाळ, पुन्हा.

गुडघा दुखत नव्हता. गिऱ्हाईक थांबलं होतं, घाई होती.

*

तीस किलोमीटर. रस्त्यावर वाळू सापासारखी सरपटत होती. पिकअपचा एसी त्याने बंद ठेवला. तिला ऊन लागत असेल तर आपण गारव्यात का बसायचं, असलं काहीतरी डोक्यात आलं. पन्नासच्या वर पारा. बंद पडलेल्या गाडीत माणूस किती वेळ... त्याने आकडा मनात येऊ दिला नाही.

पन्नास किलोमीटर. कठड्याला काळं काहीतरी फडफडत होतं. अबाया. हौराचा झगा. त्याने ब्रेक दाबला, धावत गेला. ताडपत्रीचा तुकडा होता. तो हातात धरून जासिब तिथेच उभा राहिला.

सत्तर. बॉनेट उघडलेली पांढरी गाडी! जवळ जाईपर्यंत तो तोंडाने देवाचं नाव घेत होता आणि मनात हीटरच्या नळ्या मोजत होता. गाडी दुसऱ्याच कोणाची. आतले म्हातारेबुवा म्हणाले की मदत नको, पोरगा पट्टा आणायला गेलाय. जासिबने पुढचं ऐकलंच नाही.

*

सकाळ, शेवटची.

गिऱ्हाईक कोणी नव्हतंच.

आदल्या संध्याकाळी हौराने सांगितलं होतं, बाळंतपण समाव्यालाच, आणि नंतरचे चाळीस दिवसही तिथेच. बाबा, तुमच्या घरात आता बाईमाणूस कोण आहे? बरोबरच बोलली होती. तिची आई जाऊन दोन वर्षं झाली होती. सकाळी मुहन्नदने बोट दाखवलं तेव्हा जासिबचे डोळे काठोकाठ भरले होते. वाकला असता तर ते सांडले असते. जावयापुढे.

म्हणून मान ताठ ठेवली. गोडं. जा.

*

ब्याण्णव किलोमीटरवर ट्रकवाल्यांसाठी पत्र्याची चहाची टपरी आहे. तिच्या सावलीत गाडी होती. बॉनेट वर. बाकड्यावर हौरा. तिच्या मानेवर ओलं फडकं. मुहन्नद पुठ्ठ्याने वारा घालत होता.

जासिबला पिकअपचं दार उघडता येईना. मुहन्नदने बाहेरून उघडलं.

"हिनेच थांबवलं, काका," तो खाली बघत म्हणाला. "मी म्हणालो, तुझ्या बाबांनी सांगितलंय गोडं. तर म्हणते, गाडी थांबव."

"पायाखालचा गालिचा ओला झाला," हौरा म्हणाली. "बोट लावून चाखलं." मग थोडं थांबून, "तुम्ही वाकला नव्हता, बाबा. मी बघत होते."

ती बरी आहे ना, पोट दुखतंय का, बाळ हलतंय का, हे सगळं त्याला विचारायचं होतं. तिने त्याचा हात ओढून पोटावर ठेवला. आत एक लहानशी ढुशी बसली. भीती गेली नाही. उलट आता ती दोघांसाठी वाटू लागली.

इंजिन निवेपर्यंत जासिबने चहा घेतला नाही. मग त्याने हीटरच्या दोन्ही कुजलेल्या नळ्या काढून टाकल्या, दोन्ही तोंडं एकाच नव्या नळीने जोडली, क्लिपा आवळल्या, पुन्हा आवळल्या. कॅनमधलं गोडं पाणी ओतायच्या आधी आतलं उरलंसुरलं खारट सगळं वाहून जाऊ दिलं. पाणी भरून मुहन्नदला म्हणाला, आता चालू कर, एसी पूर्ण लाव.

आणि तो गाडीखाली आडवा झाला.

एसीच्या नळीचं तोंड बरोबर त्याच्या चेहऱ्यावर होतं. शमालात थेंब लवकर येत नाही. तो वाट पाहत राहिला. खालून त्याला हौराचे सुजलेले घोटे दिसत होते. ती गाडीला टेकून उभी होती.

पहिला थेंब ओठावर पडला. खारट.

मग त्याने बाहीने ओठ पुसले, ओले डोळे पुसले, गाल पुसले आणि पुन्हा तोंड उघडून पडून राहिला.

दुसरा थेंब.

"काय आहे, बाबा?" वरून हौराने विचारलं.

"गोडं."

ती पुढच्या शब्दासाठी थांबली. मुहन्नदने दार उघडल्याचा आवाज आला. घोटे हलले.

"थांब," जासिब म्हणाला. "अजून एक पडू दे."