न मोजलेले नकार

“दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढतेस, मग नाव का नाही गं तुझं कुठे?” बाळाच्या तोंडातून चार्जरची वायर सोडवत सासूबाईंनी विचारलं.

“आज येईल, आई. चार वाजता.” तिची नजर लॅपटॉपच्या पडद्यावरच होती.

बाळ झालं तशी नोकरी सुटली, पण हे काम सुटलं नाही. छोट्या दवाखान्यांना बाळांच्या लसींच्या तारखा काढून देणारा एक मोफत प्रोग्राम होता. कुणीही त्यात बदल सुचवावा, आणि तो आत जाण्याआधी दुसऱ्या कुणीतरी ओळन्‌ओळ वाचून ‘मंजूर’ म्हणावं, अशी तिथली रीत. दोन वर्षं ते ‘दुसरं कुणीतरी’ बहुतेक वेळा तीच. लिहिणाऱ्याचं नाव लागायचं, वाचणारा गुलदस्त्यात. नव्या नोकरीच्या अर्जातही नेमकी तीच मेख होती : ‘तुमचं नाव असलेलं काम दाखवा. मुदत आज पाचपर्यंत.’

महिनाभर प्रोग्रामच्या प्रमुखाच्या मागे लागून तिने आज चारला निघणाऱ्या नव्या आवृत्तीत तपासणाऱ्यांची यादी लावायचं कबूल करून घेतलं होतं. ती यादी बनवणारा कोड प्रमुखाने स्वतः लिहिला आणि तपासायला धाडला तिच्याकडेच.

तिने तो चालवून पाहिला. पहिलंच नाव तिचं. चारशे बारा बदल तपासले! सासूबाईंना हाक मारायला तिने तोंड उघडलं, पण सवयीने ती आधी यादीच्या तळाशी गेली. दिसतं त्यापेक्षा दिसत नाही ते शोधायची तिला खोड. बाळ गप्प बसलं की ती पहिल्यांदा त्याच्या मुठी उघडून बघायची.

तिच्यासोबत बदल तपासणाऱ्या परिचारिकाबाई यादीत नव्हत्या.

बाई निवृत्त. कोड लिहिता येत नसे, पण तारखांचे नियम वाचून अकरा चुकीचे बदल त्यांनी अडवले होते. त्यातला एक आत गेला असता तर वेळेआधी जन्मलेल्या बाळांची लस दोन-दोन महिने लांबली असती. आणि हा कोड मोजत होता फक्त ‘मंजूर’. अडवलेले बदल आतच आले नव्हते, मग ते अडवणाऱ्याची नोंद कुठून येणार?

तिने प्रमुखाला फोन लावला.

“अहो ताई, तुमचं नाव तर सगळ्यात वर आहे!”

“आहे. बाईंचं नाही.”

“त्यांचं पुढच्या आवृत्तीत घेऊ, तीन महिन्यांनी. आज मंजूर करून टाका. तुमचाच अर्ज अडकलाय ना?”

“अडकलाय.”

“मग स्वतःच्याच पायावर धोंडा कशाला?”

“कोड चुकीचा आहे. माझं नाव वर आलं म्हणून तो बरोबर होत नाही.”

पलीकडून सुस्कारा आला. “तुमच्यापुढे कुणाचं चाललंय!”

तिने ‘मंजूर’ऐवजी ‘बदल हवेत’ या बटणावर बोट ठेवलं आणि खाली ते अकराही नकार एकामागून एक लिहून काढले. चार वाजता नवी आवृत्ती निघाली, यादीविना.

“आलं का गं नाव?”

“नाही, आई. मीच थांबवलं.”

सासूबाईंनी सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बाळाला कडेवर उचललं. “तासभर मी सांभाळते ह्याला. तुझं चालू दे.”

अर्जातल्या चौकटीत तिने आपल्या आजच्या नकाराची लिंक दिली, खाली लिहिलं, ‘हे मी आज अडवलं,’ आणि पाठवून दिलं. वाचणाऱ्याला ते कळेल, न कळेल. मग यादीचा कोड स्वतःच दुरुस्त करायला घेतला आणि मध्येच बाईंना फोन लावला.

“मावशी, यादीत तुमचं नाव कसं लावू?”

“माझं? अगं, मी काय केलंय? नुसतं नको-नको तर म्हणत होते.”

“तेच लावतेय.”

बाईंनी घसा साफ केला आणि नाव सांगितलं. पूर्ण नाव, खणखणीत आवाजात, ड्यूटीवर हजर होताना सांगतात तसं.