ज्वारीच्या डब्यातली फाईल
कमलाकरांना आपल्या अभिनयाचा मोठा भरवसा होता. तो कशाच्या जोरावर, हे विचारण्यात अर्थ नाही. शाळेत तीस वर्षं हेडक्लार्क असताना त्यांनी स्नेहसंमेलनात एकदाच, तेही कुणी आजारी पडलं म्हणून, द्वारपालाचं काम केलं होतं आणि हातातला भाला ऐन प्रवेशात खाली पाडला होता. पण बायकोच्या पोटातला कॅन्सर यकृतापर्यंत गेलाय, आता फार तर चार-सहा महिने, असं डॉक्टरांनी बाहेर बोलावून सांगितलं, तेव्हा ते डोळे पुसून आत आले आणि हसतमुखाने म्हणाले, "काही नाही गं. जठराला सूज आहे. पथ्य पाळलं की झालं."

अनसूयाबाई "बरं" म्हणाल्या. काम छान वठलं, असं कमलाकरांना वाटलं.

आजारी माणसापुढे त्या रोगाचं नाव काढायचं नाही, ही त्यांच्या घरातली रीतच होती. नाव कळलं की माणूस धीर सोडतो म्हणे. अनसूयाबाईंनी धीर सोडू नये, एवढंच आता कमलाकरांच्या हाती उरलं होतं. प्रश्न होता रिपोर्टांच्या फाईलचा. भवानी पेठेतल्या दोन खोल्यांत ती लपवणार कुठे? कपाटाच्या किल्ल्या अनसूयाबाईंच्या कमरेला. गाद्या झटकणार त्याच. अखेर हेडक्लार्कचं डोकं चाललं. फाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी ज्वारीच्या मोठ्या डब्यात तळाशी खुपसली. संसाराच्या अडतीस वर्षांत आपण तो डबा उघडला नाही, म्हणजे तो कुणीच उघडत नसणार, असा त्यांचा साधा विचार. घरात रोज भाकरी कुठून येते, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

आठवड्याभराने अनसूयाबाईंनी त्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. म्हणाल्या, हात दुखतो, जरा भाकरी थापा. आजारी माणसाचं मन मोडू नये म्हणून हे बसले. पहिली भाकरी परातीलाच चिकटली, दुसरी तव्यावर जाता जाता दुभंगली. तिसरी भाजली खरी, पण ती मोडायला बत्ता घ्यावा लागला. मग हे रोजचंच झालं. अनसूयाबाई भिंतीला टेकून हसायच्या, पाणी कढत हवं म्हणायच्या, पुन्हा पीठ पुढे सरकवायच्या. बिचारीला काहीच कल्पना नाही, असं कमलाकरांना वाटायचं. मग ते न्हाणीत जाऊन नळ सोडायचे, रडून घ्यायचे आणि बाहेर येऊन साबण डोळ्यात गेल्याचं सांगायचे. असं चार-पाचदा झाल्यावर अनसूयाबाईंनी शेजारच्या बसम्माकडून डोळ्यांना न झोंबणारा, लहान मुलांचा साबण मागवला. तरीही या नटश्रेष्ठांना शंका आली नाही.

चौथ्या महिन्यात एका सकाळी भाकरी टम्म फुगली. कमलाकरांनी परगावच्या लेकीला, ज्ञानदाला, दोनदा फोन करून ही बातमी दिली. अनसूयाबाईंनी त्यातली चतकोर दुधात कुस्करून खाल्ली आणि खूप वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. सहाव्या दिवशी दुपारी त्या गेल्या.

दीड महिन्याने घरातलं पीठ संपलं. दळणासाठी कमलाकरांनी मोठा डबा उघडला, तेव्हा कुठे त्यांना फाईल आठवली. हात घातला तर प्लास्टिकची पिशवी लागलीच नाही. अनसूयाबाईंच्या जुन्या हिरव्या इरकल साडीचा तुकडा वर आला, चारी बाजूंनी नीट शिवलेला. उसवून पाहिला, तर आत फाईल होती आणि कीड लागू नये म्हणून कडुनिंबाचा सुका पाला.

दळण न्यायला आलेली बसम्मा दारातच थबकली. हे कुणी शिवलं, असं कमलाकरांनी तिला विचारलं.

"वैनींनी. पैल्याच आठवड्यात ज्वारीला ऊन दावायला डबा पालथा केला की आमी. तुमी औषधं आणाया गेलता."

"मग मला कुणी बोललं का नाही?"

"त्याच नको म्हणल्या. मला ठावं न्हाय, असं वाटतंय म्हणून ते उभं हायेत, म्हणल्या. बोललं तर खाली बसतील." बसम्माने पदराने डोळे टिपले. "ह्यांची भाकरी फुगली की मी सुटले, म्हनायच्या."

कमलाकर खालीच बसले. म्हणजे चार महिने प्रेक्षक म्हणून जी समोर बसली होती, तीच खरी नटी होती, आणि हे आपले भाला पाडणारे द्वारपाल. जन्मभर सगळं उशिरा जमलेला माणूस. सायकल आली ती नोकरी लागल्यावर, आणि शाळेतला कॉम्प्युटर निवृत्त होईपर्यंत आलाच नाही.

"आयुष्यात एकच गोष्ट चार महिन्यांत शिकलो बसम्मा," ते म्हणाले. "अजून वर्षभर भाकऱ्या बिघडवायला हव्या होत्या."

त्यांना रडू फुटलं. न्हाणीतला नळ सोडायला ते उठले नाहीत.