बोकडानं अंग झाडलं नाही

शेपटीखाली थर्मामीटर सरकवलं तरी बोकडानं मागं वळून पाहिलं नाही. दवाखान्याच्या फरशीवर चारी पाय रोवून तो उभा होता आणि भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडं बघत सावकाश रवंथ करत होता. दोरी अक्काबाईच्या सुनेच्या, छायाच्या हातात होती; पण तिनं धरल्यासारखी नाही, कुणीतरी हातात ठेवून गेल्यासारखी.

"ताप नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"नीट बगा," अक्काबाई म्हणाली. "आतनं असंल."

"आतून म्हणजे?"

"हाडीताप. वरनं कळत न्हाई त्यो."

डॉक्टरीणबाईंनी हसू ओठांत दाबलं आणि नळी कानाला लावून बोकडाच्या छातीवर टेकवली. पोरगी वयानं लहान, राजनंदिनी नावाची. दर गुरुवारी पुण्याहून यायची. विंझरच्या रस्त्याला दोन गाळे भाड्यानं घेऊन एका संस्थेनं हा दवाखाना थाटला होता. पैसे नावाला घेत, नसले तर तेही नाही. त्यामुळे बाहेरच्या पत्र्याखाली सकाळपासून शेळ्या, कोंबड्या, कुत्री आणि त्यांची माणसं अशी दाटी होती, आणि कुणाच्या जनावराला काय झालंय हे डॉक्टरांच्या आधी रांगेतच ठरत होतं.

अक्काबाईच्या बोकडाचं मात्र रांगेत काही ठरेना. खातो का? खातो. लेंड्या? चांगल्या आहेत. मग होतंय काय? यावर अक्काबाईनं तोंड फिरवलं होतं. एरवी तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की समोरच्यानं आडोसा शोधावा. पण हे चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. जनावराच्या अंगात काहीतरी रोग निघावा म्हणून ती त्याला दवाखान्यात घेऊन आली होती.

त्याचं असं झालं होतं. तिच्या एकुलत्या लेकाला, सोपानला, लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं. तेव्हा तिनं खिंडीतल्या म्हसोबाला बोकडाचा नवस बोलला. मूल झालं. मुलगा झाला. स्वरूप नाव ठेवलं. त्याच सुमाराला घरच्या शेळीला हा बोकड झाला आणि तोच देवाचा ठरला. पण आधी भातलावणी आली, मग सोपानच्या टेम्पोचं काम निघालं, मग 'जत्रेलाच देऊ' म्हणत अक्काबाईनं नवस पुढं ढकलला. पावसाळा सरता सरता बाळाला ताप आला. भोरला नेईपर्यंत त्यानं दम धरला. भोरहून पुण्याला नेईपर्यंत नाही.

लोक म्हणायचं ते म्हणालेच. देवाचा बोकड दावणीला बांधून ठेवला, देवाच्या काठीला काय आवाज असतो? अक्काबाईला ते दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. ती रोज अंथरुणात पडल्यावर स्वतःला तेच सांगत होती. आता निदान सोपानला तरी काही होऊ नये, घाटातनं टेम्पो चालवणारं पोर, म्हणून तिनं घाई केली. मागल्या रविवारी सगळी भावकी बोकड घेऊन खिंडीत गेली.

देवापुढं बोकडाच्या अंगावर पाणी ओततात. त्यानं अंग झाडलं की देवानं मान्य केलं, सुरी त्यानंतर. माघातली थंडी, त्यात झऱ्याचं पाणी. कुठलंही जनावर शहारलं असतं. हा शहारला नाही. भगतानं पुन्हा ओतलं, शेवटी अख्खा हंडा रिकामा केला. बोकड डोळे मिटून निथळत उभा, अंगावरची लव हलत नाही. भगतानं हंडा खाली ठेवला.

"घरातल्या कुनाचं तरी मन मागं वढतंय," तो म्हणाला.

सगळ्यांच्या माना छायाकडं वळल्या.

छाया बाळ गेलं त्या दिवशीही रडली नव्हती. तेव्हापासून भाकऱ्या थापत होती, धुणं धूत होती, काही विचारलं तर व्हय नाहीतर न्हाई म्हणत होती. रडली असती तर बायकांनी तिला जवळ घेतलं असतं. न रडणाऱ्या बाईचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नसतं. अक्काबाईचा धाकटा दीर गेनू भावकीतला बोलका माणूस. खिंड उतरता उतरता त्यानं निवाडा देऊनही टाकला: बोकड आजारी असेल तर गोष्ट वेगळी, नसेल तर छायाला तिच्या माहेरी उत्रोलीला पोचवा आणि ती घरात नसताना नवस फेडा. परत आणायचं का नाही ते मागनं बघू. सोपान टेम्पोच्या किल्लीशी चाळा करत उभा राहिला. त्याच्या बापाचंही गप्प बसणं असंच असायचं, आणि त्याचा अर्थ होकार असायचा.

"ठणठणीत आहे," डॉक्टरीणबाईंनी नळी गळ्यात टाकली. "छाती, पोट, तोंड, सगळं चांगलं. अंगावर एक गोचीड नाही. इतका स्वच्छ बोकड मी अजून या दवाखान्यात पाहिला नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अक्काबाईला वाटलं होतं, एखादी सुई टोचतील, बाटलीतलं काही पाजायला देतील, घरी जाऊन चार माणसांपुढं ठेवायला काहीतरी हाती लागेल. तिनं छायाकडं बघितलं. छायानं ऐकलं होतं, आणि त्याचा अर्थ तिलाही कळला असणार. पण ती तक्त्याकडं बघत होती, बोकड बघत होता तिकडंच.

"मग ह्यो अंग का झाडंना?" अक्काबाईच्या तोंडून शेवटी निघून गेलं.

डॉक्टरीणबाईंना काही उमगेना. मग मदतीला असलेल्या बंडूनं त्यांना पाणी, देव, नवस सगळं समजावून सांगितलं. दारात लंगडी कुत्री मांडीवर घेऊन बसलेली बनाबाई ऐकायला पुढं सरकली.

"आमी बुद्धाची मानसं. आमच्यात नवस कवाच सुटलं," ती म्हणाली. "बोकड खायाचा तर खावा की. देवाला कशापायी मदी घ्यायचं?"

"तुला कोन इचारायला आलंय का?" अक्काबाई म्हणाली, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी सुईचं टोक बोकडाच्या पाठीला हलकेच टेकवलं. कातडी थरथरली. पुन्हा टेकवलं, पुन्हा थरथरली.

"म्हणजे कातडीतही दोष नाही. पाणी कसं ओतता ते मला दाखवा बरं."

बंडूनं टाकीतून बादली भरून आणली. बोकडाला मागच्या मोरीपाशी उभं केलं. अक्काबाईनं पहिला मग पाठीवर ओतला. पाणी इतकं गार होतं की तिच्याच बोटांतून कळ गेली. बोकडानं रवंथ थांबवला, डोळे मिटले आणि मान जराशी खाली घातली. दुसरा मग. तो तसाच उभा. तिसरा मग तिनं चिडून उचलला आणि त्याच्या डोक्यावर धरला.

छायाचा हात मध्ये आला.

तळवा बोकडाच्या कपाळावर आडवा बसला आणि पाणी दोन्ही बाजूंनी ओघळून गेलं; डोळ्यांत थेंब उतरला नाही. दुसऱ्या हातानं तिनं कानांमागं चोळलं, हनुवटीखाली, मानेच्या वळीत. दोरी कधीच खाली पडली होती. बोकडानं आपणहून हनुवटी वर धरली. त्याला पुढचं माहीत होतं. बादलीच्या तळाशी राहिलेलं पाणी छायानं ओंजळीत घेतलं, बोकडाच्या तोंडावरून गोल उतरवलं आणि मोरीत टाकून दिलं. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळून ती त्याचे कान पुसायला लागली. हे सगळं करताना तिचा चेहरा भाकरी थापताना असायचा तसाच होता.

बनाबाईची कुत्री तेवढी कण्हत होती.

शेवटचं पाणी उतरून टाकायची ही रीत अक्काबाईची होती. घरच्या न्हाणीत पाय लांब करून, पायांवर बाळ घेऊन, तिनंच ती सुनेला शिकवली होती. कपाळावर हात धर, डोळ्यांत पानी जाऊ देऊ नगं. वळीत मळ ऱ्हातो, तितं चोळ. शेवटचं पानी उतरून टाक, आल्यागेल्याची नजर ऱ्हात न्हाई. सुरुवातीला छायाचे हात कापायचे. मग जमायला लागलं, आणि अक्काबाईनं ते काम तिच्यावर सोपवून त्या वेळेला डेअरीवर दूध घालायला जायला सुरुवात केली.

बाळ गेल्यावरही ती त्याच वेळेला दूध घालायला जात होती. परत आली की न्हाणी ओली असायची. छायाच्या पदराला बोकडाचा वास यायचा. अक्काबाईनं ते बघितलं होतं आणि बघून सोडून दिलं होतं, कारण त्या घरात सध्या कुणाला कुणाकडं बघवत नव्हतं. आपण रोज सकाळी किटली घेऊन बाहेर पडत होतो आणि मागं ही एकटी न्हाणीत काय करत होती, हे तिला आता एकदम सगळं दिसलं.

"याला पाण्याची सवय आहे," डॉक्टरीणबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "रोज अंघोळ घातली तर तो कशाला अंग..."

"कळलं," अक्काबाई म्हणाली.

छायानं तेव्हा कुठं मान वर केली. सगळे आपल्याकडं बघतायत हे तिला दिसलं. तिनं पदर सोडवून घेतला, खाली पडलेली दोरी उचलली आणि पहिल्यासारखी उभी राहिली.

अक्काबाईनं हातातला मग बादलीत पालथा घातला.

"डाक्टरीनबाई, हितं खच्ची करत्यात न्हवं? याला करून टाका."

बंडू चपापला. "आजी, खच्ची केलेला देवाला चालत न्हाई. म्हायती हाय ना?"

"तुज्या जन्माच्या आदीपासनं म्हायती हाय."

"मग नवस?"

"म्हसोबाचं म्या बगते. भांडला तर माज्याशी भांडंल, तुज्याशी न्हाई."

बोलायला बोलली खरी. पण बोलताना तिला घाटातलं वळण दिसत होतं, सोपानचा टेम्पो दिसत होता. भीती कुठंही गेली नव्हती. तिला ती तशीच बरोबर घेऊन घरी जायचं होतं.

डॉक्टरीणबाईंनी आधी सुई दिली, मग चिमटा आणला. "रक्त येत नाही याच्यात," त्या म्हणाल्या. "पण घट्ट धरायला हवं. कोण धरतंय?"

बंडू पुढं झाला. त्याच्या आधी छाया खाली बसली होती. तिनं बोकडाची मान दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि डोळे मिटून घेतले.

दुपारी दोघी फाट्यावर वडापच्या जीपची वाट बघत उभ्या होत्या तेव्हा गेनूचा फोन आला. त्याचा आवाज मोबाईलच्या बाहेर ऐकू येत होता.

"काय म्हनला डाक्टर?"

"आजारी हाय."

"काय हुतंय त्येला?"

"लई काय काय हुतंय. आता देवाच्या कामाचा ऱ्हायला न्हाई."

"मग दुसरा बगावा लागंल. आन छायाचं काय? उत्रोलीला कळवू का?"

"कशाला?" अक्काबाई म्हणाली. "तिला घरात काम हाय."

पलीकडून गेनू आणखी काही बोलत होता. तिनं फोन बंद करून कमरेच्या पिशवीत खोचला. वडाप येईना. समोरच्या टपरीवाल्यानं चहाचं विचारलं, तिनं नको म्हणून हात हलवला. छाया रस्त्याच्या कडेला बोकडाशेजारी उकिडवी बसली होती, त्याची पाठ उन्हाकडं करून.

"रोज घालतीस?" अक्काबाईनं रस्त्याकडं बघतच विचारलं.

छाया बोकडाची पाठ चोळत राहिली.

"थंडीचं दिवस हायती," अक्काबाई म्हणाली. "पानी ऊन घेत जा."

छायाची बोटं बोकडाच्या ओल्या केसांत थांबली.

"ऊनच असतंय, आत्या," ती म्हणाली. "आदी कोपर बुडवून बगते म्या."