पामलीचा उतार

बिहारीने धोतराचा काचा घट्ट मारला, वाकून ओंजळभर पाणी डोक्याला लावलं आणि मगच नदीत पाय घातला. डोक्यावर गाठोडं होतं, हातात उंच बांबू.

"दद्दा, कुठं निघालात?" नावेवरून कोमल ओरडला.

कोमल हा त्याचा थोरला मुलगा. वाळूच्या नावेवर इंजिन चालवायचा. नाव काठाला टेकली होती आणि तिच्यातली ओली वाळू माणसं घमेल्यांनी ट्रॉलीत टाकत होती.

"समनापूरला," बिहारी म्हणाला.

"चालत?"

"मग काय उडत?"

घमेलेवाले हसले. त्यांच्यातला हल्के तोंडाने फटकळ होता. तो म्हणाला, "कक्का, आता पायी जायला कुठला उतार? परवा तिथं बांबू घातला तर अख्खा आत गेला, तळ काही लागला नाही."

"तुझा बांबू आखूड असेल."

आता कोमल सोडून सगळेच हसले. बिहारीने हातातला बांबू उचलून पलीकडच्या काठाकडे केला.

"ते बघ. जिज्जीनं बोलावलंय."

पलीकडे, समनापूरच्या काठावर, एका उंच काठीला लाल फडकं बांधलेलं दिसत होतं. सकाळच्या वाऱ्याने ते मधूनच उलगडायचं आणि पुन्हा काठीला गुंडाळलं जायचं.

पूर्वी पूर ओसरला की नर्मदा पात्राच्या मधोमध वाळू उघडी टाकायची. इकडच्या पामलीचे आणि तिकडच्या समनापूरचे केवट, म्हणजे नावाडी, त्या वाळूत डंगरवाडी लावायचे. ओल लागेपर्यंत खड्डा खणायचा, त्यात शेणखताची मूठ आणि बी टाकायचं. माघापासून जेठापर्यंत घरंच्या घरं वाळूत झोपड्या घालून राहायची. खरबूज, ककडी, कलिंगड. बिहारीची जिज्जी, मोठी बहीण रामरती, समनापूरला दिली तेव्हा त्यांच्या बापाने एक रीत घालून दिली. ज्याच्या वाडीत खरबूज आधी पिकेल त्याने उंच काठीला लाल फडकं बांधायचं. दुसऱ्याने ते पाहिलं की हातातलं काम टाकून उतारावरून चालत यायचं. मधल्या वाळूवर बसून ते फळ दोघांनी कापायचं, अर्धं अर्धं. त्याआधी एकही खरबूज बाजारात जायचं नाही. मुलगी दिली ती नजरेच्या टप्प्यात दिली, असं बाप सगळ्यांना सांगत फिरायचा.

बाप गेला, रीत राहिली. कधी इकडचं फडकं आधी चढायचं, कधी तिकडचं. ज्या वर्षी रामरतीचं आधी पिके त्या वर्षी ती भावाला दिवसभर चिडवायची.

मग वाळू जायला लागली. आधी बैलगाड्या आल्या. त्यांनी नेलेली वाळू नदी पावसाळ्यात परत भरून द्यायची, म्हणून कुणी काही बोललं नाही. मग ट्रॅक्टर आले, डंपर आले, आणि शेवटी नावेवर बसवलेले पंप आले. नदीने द्यायचं तेवढं दिलं, पण ती तरी किती देणार. मधली वाळू पाण्याखाली गेली. गावातल्या विहिरी खोल गेल्या. अंडी घालायला कासवं यायची ती यायची थांबली. काठाला खालून आधार राहिला नाही, आणि एका भादव्यात समनापूरचं सावरीचं जुनं झाड मुळांसकट नदीत आलं. धाकट्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी बिहारीने शेवटची वाडी लावली होती. नंतर लावायला वाळूच नव्हती. जिज्जीच्या काठाला अजून एक चिंचोळी पट्टी आहे, असं मात्र त्याच्या कानावर होतं.

पुलावरून जायचं तर दोन बस बदलाव्या लागायच्या, आणि दिवस जायचा. मेहुण्याच्या तेराव्याला तो तसा जाऊन आला होता, त्यानंतर नाही. फोनवर रामरती नुसती "कोण? कोण?" करायची आणि मग सुनेच्या हातात देऊन टाकायची.

"दद्दा, ते फडकं..." कोमल म्हणाला, आणि थांबला.

"काय?"

कोमलने बापाच्या तोंडाकडे पाहिलं. किती तरी दिवसांनी म्हातारा दाढी करून आला होता. खांद्यावरचा गमछा उगाच काढून कोमलने पुन्हा खांद्यावर टाकला.

"काही नाही. नावेत बसा. मी सोडतो."

"वाळूच्या नावेत मी बसत नाही."

हे कोमलला माहीत होतं. त्याच नावेवर घरात पीठ येत होतं आणि बिहारी ती भाकरी खात होता. मुलाला त्याने कधी बोल लावला नाही. फक्त नावेत बसत नव्हता.

तो चालू लागला. पाणी घोट्याला आलं, गुडघ्याला आलं. सावरीचं झाड आणि त्याच्यामागचा देवळाचा कळस एका रेषेत धरून चालायचं, हा पामलीचा उतार. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून तो शिकला होता. झाड आता नव्हतं, पण ते कुठं होतं हे त्याला डोळे मिटूनही दाखवता आलं असतं. बांबू त्याने हातात घेतला होता तो चार माणसं बघत होती म्हणून. परक्या माणसाने बांबू टेकत चालावं. केवटाने स्वतःच्या उतारात पुढं बांबू टाकून बघणं म्हणजे आईला तिचं नाव विचारणं. बांबू त्याने खांद्यावर टाकला.

पाणी कमरेला आलं आणि तिथंच राहिलं. तसंच राहायला हवं होतं. पायाखाली जाड वाळू लागली, त्याला बरं वाटलं. पुढचं पाऊल त्याने टाकलं, तिथं काहीच नव्हतं.

घराची पायरी तुटावी तशी वाळू तुटली होती. तो सरळ खाली गेला. कडा धरायला गेला तर हातात आलेली वाळू पाण्यासारखी निसटली आणि वरून आणखी घसरली. नाकातोंडात पाणी गेलं. पोहता त्याला चालण्याच्या आधी येत होतं, पण वय झालं होतं, धोतर पायांत अडकलं होतं आणि एका हाताने त्याने गाठोडं सोडलं नव्हतं. वर आला तेव्हा कानात इंजिनाचा आवाज भरलेला होता. कुणीतरी काखेत हात घालून त्याला ओढलं.

डोळे उघडले तेव्हा तो वाळूच्या नावेत, ओल्या वाळूवर उताणा पडला होता.

फटकळ हल्केने आपला गमछा काढून त्याच्यापुढं धरला. त्यामुळेच बिहारीला जास्त लाज वाटली.

"परत फिरवू?" कोमलने विचारलं.

बिहारी उठून बसला. खोकला. गाठोडं चाचपलं. आत जिज्जीसाठी लुगडं होतं आणि गुळाची ढेप होती. गूळ विरघळून लुगड्याला चिकटला होता.

"पलीकडं घे," तो म्हणाला.

पाणी कापत नाव निघाली. कुठं खोल, कुठं उथळ, हे कोमलला नीट ठाऊक होतं. तो वळणं घेत होता तिथं पूर्वी वाळू होती. बिहारीने त्याच्याकडे बघितलं नाही, आणि कोमलनेही बापाकडे बघितलं नाही. पलीकडे पोचल्यावर एवढंच म्हणाला, "मी इथंच आहे. दुपारच्या आधी ट्रॉली भरायची आहे. भेटून या."

रामरतीचं घर काठाच्या वर होतं. पूर्वी नदीपासून बरंच आत होतं, आता अंगणाच्या टोकाशीच काठ तुटलेला होता. अंगणात खाट टाकलेली होती, नदीकडे तोंड करून, आणि खाटेवर रामरती बसली होती. बिहारीने वाकून तिच्या पायांना हात लावले. तिने आधी त्याचं डोकं चाचपलं, मग कान धरला.

"आलास. मला वाटलं रागावलास."

"राग कसला, जिज्जी?"

"तू बोलावलंस आणि मी आले नाही ना. किती दिवस झाले, रोज सकाळी उठून बघते. पण गुडघे उठू देत नाहीत. ह्या पुनियाला म्हटलं, मामाला निरोप दे. ती म्हणते, देते, देते. देते कुठली."

सून पुनिया दारात उभी होती. तिने मान खाली घातली.

बिहारी मागं वळला. इथून त्याचा पामलीचा काठ सगळा दिसत होता. त्याची वाडी जिथं असायची, बरोबर त्याच्या वर, उंच काठीला लाल फडकं होतं. घरून ते त्याला कधी दिसलं नव्हतं. मध्ये वाळूचा ढीग होता. त्याने नजर या काठाला आणली. ज्या फडक्याकडे बघत तो आला होता त्याच्याखाली ना वेल होता, ना काट्यांचं कुंपण. कापलेली दरड होती आणि तिला लागून पाणी. थोडं पुढं आणखी एक काठी होती. तिच्या पुढं आणखी एक. सगळ्यांची उंची सारखी, कापड एकाच ताग्यातलं.

"मामाजी, त्या वाळूच्या ठेकेदाराच्या हद्दीच्या..." पुनिया हळूच बोलू लागली.

बिहारीने हात थोडासा वर केला. ती पाणी आणायला आत गेली.

खाली नावेच्या टोकावर कोमल बसला होता. तो घराकडे बघत नव्हता. पाण्याकडे बघत होता.

"हो," बिहारी म्हणाला. "मीच बोलावलं. या वर्षी माझं आधी पिकलं."

"आणि हे?" रामरतीने हनुवटीने आपल्या काठाची काठी दाखवली. "हे बघितलंस की नाही?"

"बघितलं. म्हटलं, तुझंही पिकलं."

"दोन्हीकडं एकदम?"

"हो."

"असं कधी झालं नव्हतं."

"नाही झालं."

"बाबांच्या वेळीही नाही."

"नाही."

 रामरती खाटेच्या सुतळीत बोट घालून ओढत राहिली. मग तिने हात पुढं केला.

"दे तर मग. कुठाय?"

"पाण्यात पडलं," बिहारी म्हणाला. "उतारात पाय घसरला."

तिने त्याच्या धोतराचा सोगा मुठीत धरून पिळला. पाणी टपटप जमिनीवर पडलं.

"तुझा पाय? उतारात?"

"हो."

पूर्वीची रामरती असती तर हे तिने गावभर केलं असतं. आता तिने ओला सोगा नुसता हातात धरून ठेवला.

"केवढं होतं?"

बिहारीने दोन्ही हातांनी दाखवलं. मग हात जरा आणखी लांब केले.

"अरे जा! एवढं तर बाबांचंही नसायचं." ती हसली. समोरचे दात गेले होते, तरी हसणं तेच होतं. "खोटारडा तो खोटारडाच. पाठीवर जाळी होती?"

"दाट. जाड दोऱ्याची घातल्यासारखी."

"आणि वास?"

 बिहारी तिच्याशेजारी खाटेवर टेकला. त्याला आठवावं लागलं नाही, पण शब्द शोधावे लागले.

"रात्री झोपडीत उशाशी ठेवलं होतं," तो म्हणाला. "झोप लागेना. दोनदा उठून बाहेर नेऊन ठेवलं, तरी वास आतच. पहाटे कोल्हा दाराशी येऊन बसला होता. हाकलला तरी जाईना, नुसतं नाक वर करून बसलेला."

रामरतीने डोळे मिटले होते. दारात पुनिया पाण्याचा लोटा घेऊन उभी होती, पण पुढं येत नव्हती. काठावरून दरडीचा एक तुकडा सुटून पाण्यात पडला. त्याचा आवाज तिघांनी ऐकला.

खालून हाक आली. "दद्दा! चला, उशीर होतोय!"

रामरतीने डोळे उघडले. नावेकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं, त्या काठ्यांकडे पाहिलं. एकामागून एक, सगळ्या. मग धोतराचा सोगा सोडून दिला आणि भावाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"माझं उद्या तोडू," ती म्हणाली. "आज अजून जरा कच्चं आहे. सकाळपर्यंत होईल."

पुनियाने चमकून सासूकडे पाहिलं.

बिहारी उठला. अंगणाच्या टोकाशी, काठ तुटला होता तिथपर्यंत गेला, आणि हात उंच करून नावेला जायची खूण केली. कोमलला कळलं नाही. तो नुसता उभा राहिला. बिहारीने पुन्हा हात हलवला. मग इंजिन जोरात वाजलं, नाव वळली, आणि थोड्या वेळाने तो आवाज विरत गेला.

तो परत आला तेव्हा पुनियाने आतून दुसरी खाट आणून जिज्जीच्या खाटेला लावून टाकली होती. चिकट लुगडं धुवून दोरीवर घातलं होतं.

"मामाजी, रात्री जेवायला काय करू?" तिने विचारलं.

"काहीही कर," रामरतीच म्हणाली. "पण थोडंच कर. सकाळी आम्हा दोघांच्या पोटात जागा हवी."