फ्रिजमागचं तिसरं मूळ

मित्रांनो, अखेर मी वाचले. हे वाक्य तुमच्या नजरेस पडलंच नाही असं समजू आणि रीतसर सुरुवात करू.

मी एक जुनी दाढ आहे. मुक्काम खालचा जबडा, उजवी बाजू. मालकीण सहा वर्षांची असताना मी उगवले. आज ती एकेचाळीस वर्षांची आहे आणि रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करते. पस्तीस वर्षं मी तिच्यासाठी बर्फ फोडला, कडक बिस्किटं दळली, एकदा पेनाचं टोपणही चावलं. कौतुक मात्र समोरच्या दातांचं! ब्रशसुद्धा त्यांनाच भेटून माघारी जायचा.

मग मला कीड लागली. डॉक्टरांनी रूट कॅनाल केलं, म्हणजे मुळांच्या आतल्या बारीक नळ्या साफ करून बुजवल्या. माझ्यासारख्या दाढेला सहसा दोन मुळं असतात. मला तीन आहेत. तिसरं लहानसं, जिभेच्या बाजूला, मागच्या मुळाच्या आडोशाला. ते राहूनच गेलं. मी सांगणार कशी? मी तोंडात असते, मला तोंड नसतं.

ते मूळ ठणकू लागलं. माइकवर ऐकू आलं, "गाडी फलाट क्रमांक दोनवरून सुटत... आई गं!"

स्टेशनमास्तर म्हणाले, "बाई, तुमच्या 'आई गं'ला घाबरून पन्नास माणसं गाडीतून उतरली. पुन्हा असं झालं तर मशीनचा आवाज लावीन."

मालकीण तडक दवाखान्यात गेली. "डॉक्टर, उपटा हिला! नोकरी जाईल माझी."

पस्तीस वर्षांची सोबत, मित्रांनो! डॉक्टरांनी पक्कड उचलली. तेवढ्यात त्यांची सून पुढे आली. तीही दातांचीच डॉक्टर.

"बाबा, थांबा. एक एक्स-रे जरा तिरका काढू या."

"सरळ काढलाय की! दोन मुळं, दोन्ही भरलीत."

"फ्रिजमागे माणूस उभा असला तर समोरून दिसतो का? बाजूला सरकूनच बघावं लागतं."

"फ्रिजमागे कशाला कोण उभं राहील?"

"तुम्ही राहता. रोज. गोळ्यांच्या वेळी."

डॉक्टरांनी पक्कड खाली ठेवली.

तिरक्या एक्स-रेत तिसरं मूळ सापडलं, अगदी डॉक्टरांसारखंच ओशाळून उभं. सूनबाईंनी भिंगातून बघत त्याची नळी शोधली, साफ केली, बुजवली. दिवा डॉक्टरांनीच धरला होता.

आता मला टोपी आहे, डॉक्टर तिला कॅप म्हणतात. गाड्या पूर्वीइतक्याच उशिरा येतात, पण घोषणा ठणठणीत होते. डॉक्टर प्रत्येक दाढेचे दोन एक्स-रे काढतात आणि गोळ्या सर्वांसमक्ष घेतात. ब्रशही हल्ली माझ्यापर्यंत येतो. तुमचाही येऊ द्या.

सबब अर्ज करते की, प्रत्येक दाढेच्या मुळांची संख्या ती उगवताच मालकाच्या जन्मदाखल्यावर नोंदवावी, आणि तोवर कोणतीही पक्कड दाढेच्या लेखी संमतीशिवाय उचलली जाऊ नये. सही करण्यासाठी अर्जदारास एक हात तातडीने मंजूर व्हावा, ही नम्र विनंती.