काम संपलेला कागद

मी एक जुनी नोट आहे, मित्रांनो. कॅनडा देशाची, एक डॉलरची. नाक मुरडू नका. एक डॉलर म्हटलं की तुमच्यातले हुशार लगेच मनातल्या मनात दिरहम करतात, मग रुपये करतात, आणि "एवढंच?" म्हणून पुढे जातात. माझ्याबाबतीत तेवढीही तसदी घ्यायला नको. माझ्या देशानं माझी छपाई केव्हाच थांबवली आणि माझ्या जागी नाणं आणलं. काही वर्षांपूर्वी तर दुकानदारांनी मला घ्यायलाच हवं, हा नियमही उठला. बाजाराच्या दृष्टीनं मी मेलेली आहे. तरी बोलते आहे, कारण एक गोष्ट मनात फार दिवस साचून राहिली आहे, आणि इथे शारजात ती ऐकायला मला दुसरं कुणी नाही.

माझा जन्म ओटावा शहरातला. माझ्यावर १९५४ हे साल आहे. पोलादी साच्यावर कोरलेलं चित्र माझ्या अंगावर इतक्या जोरानं दाबलं होतं की शाईचे बारीक उंचवटे बोटाला लागत. पुढच्या बाजूला तरुण राणी, मागच्या बाजूला सपाट रान, त्यातून सरळ गेलेला रस्ता आणि वर ढग. राणीच्या कानामागच्या कुरळ्या केसांत मात्र उजेड-सावलीचा असा काही खेळ झाला होता की लोकांना तिथे हसणाऱ्या सैतानाचं तोंड दिसू लागलं. तक्रारी झाल्या आणि पुढे साचा दुरुस्त झाला. मी त्या दुरुस्तीच्या आधीची.

शिवाय माझ्या क्रमांकाआधी एक चांदणी आहे. छापखान्यात एखादी नोट बिघडली की ती काढून टाकतात आणि तिच्या जागी बदलीची नोट सरकवतात. तिच्यावर ही खूण असते. गड्डीतल्या बाकीच्या नोटा एकापाठोपाठ एक क्रमांकाच्या, सख्ख्या बहिणी. मी मधेच घुसवलेली. माझ्या मागची माझी नव्हती आणि पुढचीही नव्हती. एकटेपणा मला तिथूनच चिकटला.

नोटेच्या जन्माला येऊन मी बाजार असा पाहिलाच नाही. पहिल्याच बाईनं मला शिवणाच्या डब्यात ठेवलं आणि विसरून गेली. पुढे तिच्या नातवानं मला आठवण म्हणून पासपोर्टच्या कव्हरात खोचलं. तो इंजिनिअर होता. त्याच्याबरोबर मी आखातात आले. त्याची नोकरी संपली तेव्हा तो व्हिसा रद्द करायचा अर्ज टाइप करून घ्यायला शारजाच्या रोल्ला भागात एका टायपिंग सेंटरमध्ये आला. कव्हर झटकताना मी बाहेर पडले. त्यानं हसत मला टेबलापलीकडच्या माणसाच्या हातात ठेवलं. "ही कुठे चालत नाही. तुम्हीच ठेवा."

तो टेबलापलीकडचा माणूस म्हणजे वलीभाई. रत्नागिरीकडचे. बारीक अंगाचे, शर्टाच्या खिशात दोन पेनं, आणि अरबी-इंग्रजी टाइप करताना ओठ हलवायची सवय. त्यांनी मला घरी नेलं. त्यांच्या बायकोनं, मैमुनाबींनी, मला उजेडात धरलं, राणीचे केस पाहिले आणि किंचाळल्या.

"अवो, ह्यो इब्लीस माझ्या नमाजाच्या खोलीत नको!"

त्यामुळे पहिली काही वर्षं माझा मुक्काम स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्यावरच्या फळीवर. नंतर वलीभाईंना जुन्या नोटांचा नादच लागला. इराण, झांझिबार, जुन्या भारतीय रुपयाच्या आखाती नोटा असं करत करत एक आल्बम भरला, आणि पहिल्या पानावर मला जागा मिळाली. मैमुनाबी कुरकुर करत, पण दर ईदला आल्बमवरची धूळ त्याच पुसत. त्या गेल्याला आता सहा वर्षं झाली.

माझी खरी किंमत सांगितली फहदनं. फहद इथलाच, अरब तरुण, एका सरकारी कचेरीत नोकरीला आणि नोटांचा पक्का जाणकार. तो मला कडांनी धरायचा. आधी उजेडासमोर, मग भिंगाखाली, मग तिरकी धरून घडीच्या खुणा शोधायचा. सगळं पाहून झाल्यावर म्हणाला, "चाचा, सैतानवाला चेहरा, ऊपर से स्टार. तीन हजार दिरहम, आँख बंद करके. धोना मत, इस्त्री मत करना, टेप मत लगाना. बस ऐसेच रखो."

"तीन हजार," वलीभाई पुटपुटले, "म्हणजे सत्तर हजार रुपये झाले की!" त्या दिवशी मी जरा फुगले होते, खोटं कशाला बोलू?

पण मला पाहायला खरोखर कुणी आतुर असेल तर ती एमान. वलीभाईंचा मुलगा अबरार, त्याची ती मुलगी. सगळे एकाच फ्लॅटमध्ये राहत. एमान अकरा वर्षांची, शारजातच वाढलेली. शाळा नसेल त्या दुपारी ती भिंग घेऊन दादांच्या, म्हणजे आजोबांच्या, शेजारी बसायची.

"दादा, शी लुक्स लोनली," ती एकदा माझ्यावरच्या राणीबद्दल म्हणाली.

"राणीला कसला एकटेपणा, बेटा? एवढा मोठा वाडा, एवढी माणसं."

"स्टिल," एमान म्हणाली.

मग अबरारला कॅनडाचा कायमचा व्हिसा मिळाला. घरात बॅगा आल्या, वजनकाटा आला. टोरांटोजवळ मिसिसॉगा नावाचं गाव आहे, तिथे जायचं ठरलं. अबरार म्हणाला, "अब्बा, तुम्ही आता रत्नागिरीला जा. आराम करा. आमचं तिथं सेट झालं की तुमचं बघू, इन्शाल्ला."

"तिथं माझं कोण आहे?" वलीभाई म्हणाले. "सेंटरवाल्यानं दोन वर्षांचा व्हिसा वाढवून दिलाय. मी हितंच बरा."

त्यांच्या मनातली भीती त्यांनी मुलाला सांगितली नाही, पण आल्बम उघडून माझ्याकडे पाहताना एकदा मोठ्यानं बोलून गेले. "पोरगी तिकडं रमली की मला विसरणार. माझं काहीतरी तिच्या हातात पाहिजे." आणि एमानला त्यांनी शब्द दिला की निघायच्या दिवशी ही नोट तुझी. एमाननं तर नव्या शाळेत मला दाखवून काय काय सांगायचं, तेही ठरवून टाकलं.

मित्रांनो, मी माझ्या देशात परत जाणार होते! आणि तेही माझ्याशी बोलणाऱ्या मुलीच्या हातात. त्या आठवड्यात मला पहिल्यांदाच कुणाचा हेवा वाटला नाही.

आता टायपिंग सेंटरची एक रीत तुम्हाला सांगते. इथे येणारा प्रत्येक माणूस आपले कागद जिवापाड जपतो. जन्मदाखला, निकाहनामा, डिग्री, सगळं त्याला लॅमिनेट करून हवं असतं. वलीभाई प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे. "ह्याच्यावर अजून कुठला शिक्का मारायचाय?" मारायचा असेल तर ते मशीन लावायचे नाहीत, कारण प्लास्टिक चढलेल्या कागदावर कचेरीत शिक्का मारत नाहीत. मारायचा नसेल तर म्हणायचे, "मग कागदाचं काम संपलं. द्या इकडं, जन्मभर राहील." तीस वर्षं त्यांनी असे हजारो कागद जपले होते. जपणं म्हणजे काय, तर त्यांच्या लेखी हेच.

निघायच्या दोन दिवस आधी, जेवणाच्या सुट्टीत, ते मला सेंटरमध्ये घेऊन आले. शटर अर्धं ओढलेलं होतं. मला त्यांनी टेबलावर ठेवलं आणि स्वतःलाच विचारल्यासारखं म्हणाले, "हिच्यावर आता कुठला शिक्का मारायचाय? हिचं काम कवाच संपलं. तिकडं बर्फ, पाऊस, पोरांचे हात. जाड पाउच घालतो." मशीनचा हिरवा दिवा लागला. त्यांनी मला पाउचच्या बरोबर मध्ये, अगदी मायेनं सरळ केलं.

मला ओरडता आलं नाही. गरम रूळ दोन्ही बाजूंनी दाबत आले. वितळता डिंक माझ्या कागदाच्या धाग्याधाग्यांत शिरला. शाईचे ते उंचवटे, ज्यांचा मला सत्तर वर्षं गर्व होता, बसून गेले. दुसऱ्या बाजूनं बाहेर आले तेव्हा मी गुळगुळीत, चकचकीत आणि ओळखू न येणारी झाले होते. वलीभाई मात्र खुशीत होते. कात्रीनं चारी कोपरे गोल करत म्हणाले, "आता बघ कशी झालीस. मास्टरपीस!"

त्याच संध्याकाळी फहद अबरारला निरोप द्यायला घरी आला. वलीभाईंनी मला मोठ्या कौतुकानं पुढे केलं. फहदनं मला हातात घेतलं, उलटं केलं, नखानं कड चाचपली.

"चाचा, ये किसने किया?"

"मीच. का रे?"

"खलास, चाचा." तो हळू आवाजात म्हणाला. "अभी ये नहीं निकलेगा. निकालेंगे तो फटेगा. कोई कलेक्टर हाथ नहीं लगाएगा." मग वलीभाईंचा चेहरा पाहून घाईनं म्हणाला, "चलो, यादगार तो है ना, हबीबी."

वलीभाई हसले. तसं हसू मी कधी पाहिलं नव्हतं आणि पुन्हा पाहायची माझी इच्छा नाही. तीन हजार दिरहम गेल्याचं त्यांना वाईट वाटलं असेल, नाही असं नाही. पण ज्या कामात सगळा रोल्ला त्यांचा शब्द मानायचा, त्याच कामात त्यांनी आपल्या सगळ्यांत लाडक्या वस्तूची माती केली होती. ते कुणाला कसं सांगायचं? फहद गेल्यावर त्यांनी मला कपाटातल्या जुन्या बिलांखाली सरकवलं.

निघायच्या दिवशी एमान दारात उभी राहिली. पाठीवर बॅग, हात पुढे. "दादा, माय नोट?"

"हरवली, बेटा," वलीभाई म्हणाले. "सामान हलवताना कुठं पडली, समजंना. माफ कर."

"अब्बा, तुम्ही कधी काही हरवत नाही," अबरार म्हणाला. पण खाली टॅक्सीवाला हॉर्न देत होता. "यल्ला, यल्ला," म्हणत सगळे उतरले. एमान रडली नाही. तिनं दादांना घट्ट मिठी मारली आणि गेली. मी कपाटात बिलांखाली पडून ते ऐकत होते. मला फार वाईट वाटलं. मी हरवले नव्हते हो, चार हातांवर होते!

फ्लॅट सुटला. वलीभाई रोल्लातच एका खोलीत राहायला गेले. लाकडी पार्टिशन, एक पलंग, एक खिडकी. तिथे मी त्यांच्या उशाच्या पेटीत होते. आल्बम त्यांनी उघडायचाच सोडला. दर रविवारी संध्याकाळी एमानचा व्हिडिओ कॉल येई. तिकडे तेव्हा सकाळ असायची. वलीभाई जेवलीस का, थंडी आहे का, एवढंच विचारत आणि रेंजचं निमित्त करून लवकर फोन ठेवत. ज्या पोरीनं विसरू नये म्हणून एवढा खटाटोप केला, तिच्याच नजरेला त्यांना नजर देववत नव्हती.

असा दीड महिना गेला. मग एक दिवस सेंटरच्या पोस्ट बॉक्समध्ये त्यांच्या नावाचं पाकीट आलं. अक्षर एमानचं. आत कागदात गुंडाळलेली एक डॉलरची जुनी नोट होती. माझ्याच साच्यातली, पण चांदणी नसलेली. एक कोपरा फाटलेला, मधून चार घड्या, कुणीतरी मागे पेननं फोन नंबर लिहिलेला. बाजारात तिला कुणी विचारणार नाही. सोबत चिठ्ठी. वलीभाईंनी ती अडखळत मोठ्यानं वाचली. एमाननं आपल्या खाऊच्या पैशांतून ती नोट जुन्या वस्तूंच्या बाजारात घेतली होती. लिहिलं होतं की दादा, तुम्ही हल्ली फोनवर नीट बोलत नाही. नोट हरवल्यामुळे तुम्ही सॅड आहात. म्हणून ही घ्या, आणि आता सॅड होऊ नका.

वलीभाई पलंगावर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

रविवारी फोन आला. या वेळी त्यांनी पेटी उघडली. मला बाहेर काढलं, कॅमेऱ्यासमोर धरलं.

"एमान, ही हरवली नव्हती. मीच लॅमिनेट केली आणि नासवली. लाज वाटली म्हणून खोटं बोललो, बेटा."

एमान स्क्रीनच्या अगदी जवळ आली. तिला फक्त चकचकीत प्लास्टिक दिसत असणार. मला वाटलं, आता ती किंमत विचारेल. सगळे तेच विचारतात.

"दादा," ती म्हणाली, "डिड इट हर्ट हर?"

वलीभाईंना आधी कळलं नाही. मग कळलं. त्यांनी मला उलटं करून पाहिलं, माझ्यावरून अंगठा फिरवला. "हो गं," ते म्हणाले. "दुखलं असणार. मशीन फार गरम असते." आणि त्या दिवशी ते दोघं दीड तास बोलत बसले.

मित्रांनो, सत्तर वर्षांत मला उजेडात धरलं, भिंगाखाली धरलं, लोक मला घाबरले, माझा भाव केला. मला दुखलं का, हे एका मुलीनं विचारलं, आणि तीही सात समुद्रांपलीकडून. मी अजून पाउचमध्येच आहे आणि शेवटपर्यंत असेन. एकटेपणा गेलेला नाही. प्लास्टिकच्या आत कुणाचा हात पोचत नाही. पण आता मी पेटीत नाही, खिडकीपाशी आहे.

तुमच्या घरी एखादा जुना कागद असेल, नोट असेल, कुणाचं पत्र असेल, तर त्याला सैल पाकिटात ठेवा. धुऊ नका, चिकटवू नका, गरम मशीनमध्ये घालू नका. माया असली तरी आधी जाणकाराला विचारा. आणि एवढं करूनही हातून चूक झालीच, तर ती बिलांखाली लपवू नका, ज्याची वस्तू त्याला सांगून टाका. वलीभाईंना सांगायला दीड महिना लागला, आणि तो सगळा वेळ तिकडे ती पोर दादा का बोलत नाहीत म्हणून झुरत होती.