उलटी सरकलेली खूण

सैल दोरी दिसली की दादाच्या हाताला खाज सुटायची. शेजाऱ्यांची कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा तो येता-जाता ताणून यायचा. "लोक माणसं जोडतात, हा दोऱ्या ओढत फिरतो," असं वहिनी म्हणायची. तंबू-ताडपत्र्यांच्या कारखान्याला असा मालक शोभूनच दिसे. मग एके दिवशी छातीत कळ आली आणि पाणी आणेपर्यंत सगळं संपलं.

मागे राहिला त्याने घडवलेला हुक. बोटाएवढा, अ‍ॅल्युमिनियमचा, आतून दातेरी. रानात मुक्काम करणारे दोन झाडांना आडवी दोरी बांधून तिच्यावर ताडपत्री टाकतात. ती दोरी ताणायला एरवी गाठींची कसरत करावी लागते. या हुकात दोरी ओवायची आणि ओढायची, की दाते तिला धरून ठेवणार. वहिनीला तो बाजारात आणायचा होता. नवऱ्याचं तेवढंच तर उरलं होतं. साचा तयार होता. अडलं होतं ते छोटीच्या होकारावर. छोटी ही दादाची धाकटी बहीण. कारखान्यातला माल तीच पारखायची, आणि भिडेखातर तिने आजवर काही पास केलं नव्हतं.

तिची रीत साधी होती. शेडच्या दोन खांबांमध्ये दोरी ताणायची, वर ताडपत्री टाकून तिला वाळूच्या पिशव्या लटकवायच्या आणि नळीने भिजवायचं. हुकाच्या तोंडाशी दोरीवर रंगाची खूण करायची आणि शेडला कुलूप घालून जेवायला जायचं. दात्यांची पकड सुटली तर दोरी ताडपत्रीकडे घसरते आणि खूणही तिकडे जाते. बाजारातले हुक असेच नापास झाले होते.

दादाच्या हुकाचीही खूण सरकली. पण उलटी, मोकळ्या टोकाकडे.

छोटीच्या अंगावर सर्रकन काटा आला. भिजलेली नायलॉनची दोरी सैल पडते, आपली आपण ताणली जात नाही. कुणीतरी टोक धरून ओढायलाच हवं, आणि किल्ली तर तिच्या खिशात होती. तिने टोकाला हात लावला. ते ओलं होतं, पण कोमट लागलं.

तिने पुन्हा लावून पाहिलं, पुन्हा तेच. मग भीती मेली. ती चार घास कसेबसे गिळून शेडकडे धावायला लागली. तपासणी संपूच नये असं तिला वाटायचं.

"अगं, किती छळशील त्या हुकाला?" वहिनी शेवटी वैतागली. "एकदा तरी सैल पडली का दोरी?"

"नाही."

"मग घोडं पेंड कुठे खातंय?"

"दोरी हुक धरत नाहीये, वहिनी. दादा धरतोय." छोटीने खूण दाखवली.

वहिनीने ते टोक मुठीत घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. "मग चांगलंच आहे की," ती हळूच म्हणाली. "पास कर."

"आणि लोकांच्या दोऱ्या? डोंगरावर भर पावसात कुणाची लेकरं त्या ताडपत्रीखाली झोपणार. तिथे कुठे कुठे पुरा पडेल तो?"

"तू सांगितलंस तर थांबेल तो?"

"माझा शब्द त्याने कधी मोडलाय?"

"म्हणूनच म्हणते, नको सांगूस गं."

दुसऱ्या दिवशी छोटीने नवी खूण केली आणि रिकाम्या शेडकडे तोंड करून म्हणाली, "दादा, तुला राहवत नाही, कळतं मला. पण आज हात लावू नकोस. त्याचं त्याला धरू दे."

त्या दुपारी दोघी ताटं तशीच टाकून शेडकडे आल्या. कुलूप काढलं तर ताडपत्री जमिनीला टेकली होती. हुक नापास झाला होता.

वहिनीने मोकळं टोक उचललं. ते गार होतं. "ओढ ना," ती शेडमध्ये इकडे तिकडे बघत म्हणाली. "झाली हिची तपासणी. ओढ आता."

काहीच हललं नाही. ताडपत्रीवरून पाणी तेवढं ठिबकत राहिलं. छोटी त्याला फक्त थांब म्हणाली होती, जा म्हणाली नव्हती. हे आता त्याला कुठे जाऊन सांगायचं, तेच तिला कळत नव्हतं.